आमच्या साडूंची शेगडी

वस्तू वापरण्यासाठी असतात, ही गोष्ट आमच्या थोरल्या साडूंना आयुष्यात कोणी सांगितलेली नाही. आणि सांगितली असती तरी त्यांनी ती आधी फडक्यानं पुसली असती, उजेडात धरून पाहिली असती, आणि मग कागदात गुंडाळून कपाटात ठेवून दिली असती. साफसफाई हाच त्यांच्या लेखी वस्तूचा मुख्य उपयोग. छत्री असते ती वाळवण्यासाठी, कुलूप असतं ते तेल सोडण्यासाठी, आणि चष्मा असतो तो पुसण्यासाठी. मधल्या फावल्या वेळात त्यातून काही दिसलं तर बघून घ्यावं. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून आम्ही साडू. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे, त्यामुळं सगळ्यांसारखं मीही त्यांना अण्णाच म्हणतो. मी मिरजेकडचा, नोकरीपायी बेंगळुरात आलेला. त्यांचं घराणं मात्र इथं इतकं जुनं की आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले हे त्यांना कोणीतरी सांगितलं म्हणून ठाऊक. मुलगी बघायला मी गेलो तेव्हा बाकीचे लोक माझा पगार विचारत होते आणि अण्णा बाहेर माझ्या मोटरसायकलपाशी उकिडवे बसले होते. आत येऊन त्यांनी मला एकच प्रश्न केला, "चेनला तेल कधी घातलास रे?" त्याचं खरं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही. मुलगी मिळाली, ती बहुधा दया येऊन.

एका सरकारी कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. यंत्र बिघडलं की दुरुस्त करणारे वेगळे. यंत्र बिघडूच नये म्हणून त्याच्या मागे लागणारे ते अण्णा. निवृत्त झाल्यावर त्यांना मागे लागायला यंत्रं उरली नाहीत, तेव्हा ते शहराच्या उत्तर टोकाला येलहंक्यात असलेल्या आपल्या घराच्या मागे लागले. दारांच्या बिजागऱ्यांना त्यांनी इतकं तेल पाजलं की दारं वाजायचीच बंद झाली. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, स्वयंपाकघरात भाजी चिरताना मान वर करायच्या तो शेजारीण समोर उभी! "चोर येऊन जेवून गेला तरी कळायचं नाही," असं अक्का म्हणाल्या, म्हणून अण्णांनी दाराला पितळी घंटा बांधली. दुसऱ्या दिवशी ती घासायला काढली, आणि आठवडाभर घर पुन्हा मुकंच राहिलं.

अशा माणसाच्या हाती पेलेटची शेगडी लागावी हा दैवयोग म्हणायचा, दुसरं काय. देवनहळ्ळीकडं विमानतळाच्या बाजूला बंगल्यांची एक वसाहत आहे. तिथलं एक परदेशी कुटुंब आपल्या देशी परत निघालं होतं आणि जड सामान इथंच विकून टाकत होतं. अण्णा गेले होते शिडी बघायला. आले ते टेम्पोतून, आणि टेम्पोत शिडी नव्हती. कमरेएवढं उंच काळं लोखंडी कपाट होतं, पुढं काचेचं दार आणि वर झाकणाची टाकी. लाकडाचा भुसा दाबून पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या गोळ्या करतात, त्यांना पेलेट म्हणतात. त्या टाकीत ओतायच्या. तळाशी एक लांब स्क्रू फिरतो, तो त्या थोड्याथोड्या करून पुढं एका लोखंडी वाटीत टाकतो, तिथं त्या पेटतात, एक पंखा गरम हवा खोलीत सोडतो आणि धूर मागच्या नळीतून भिंतीबाहेर जातो. थंड मुलखात घरंच्या घरं यावर ऊब धरतात म्हणे. आता बेंगळुरात थंडी ती केवढी? मार्गशीर्ष-पौषात चार आठवडे पहाटे शाल लागते. येलहंक्याला शहरापेक्षा एक पांघरूण जास्त लागतं एवढं मी कबूल करतो. पण अक्कांना संधिवात. त्या चार आठवड्यांत त्यांची बोटं आखडायची, गुडघे धरायचे, सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. "हिच्यासाठी आणली रे," अण्णा टेम्पोतून उतरताना म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. माणूस खोटं बोलणारा नाहीच.

घोटाळा झाला तो शेगडीबरोबर आलेल्या माहितीपुस्तकामुळं. त्यात शेगडी पेटवायची कशी याला दोन पानं होती आणि तिची निगा राखायची कशी याला उरलेला सगळा ग्रंथ. रोज काय करायचं, आठवड्यानं काय, महिन्यानं काय, हंगाम संपल्यावर काय. अण्णांनी तो ग्रंथ वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले असं अक्का सांगतात. "बघ की," ते मला म्हणाले, "आपल्याकडं मिक्सर घेतला तर नुसतं चालू कसा करायचा ते सांगतात. अय्यो, चालू कोणीही करेल! ह्या लोकांनी बघ, किती पोटातून लिहिलंय."

त्या दिवसापासून शनिवार हा शेगडीचा वार झाला. म्हणजे जळणाची वाटी रोज खरवडायचीच, ते नित्यकर्म. शनिवारी संपूर्ण अभ्यंग. राखेचा ट्रे बाहेर काढून झटकायचा. आतल्या भिंतींवरून ब्रश फिरवायचा. पंख्याची पाती अक्कांच्या जुन्या टूथब्रशनं एकेक करून घासायची. धुराच्या नळीत तारेचा लांब ब्रश घालून तो पलीकडून निघेपर्यंत ढकलायचा. गोळ्यांत भुशाची पूड राहिली तर स्क्रू अडतो, म्हणून गोळ्या चाळायच्या. त्यासाठी अक्कांची रव्याची चाळण जी गेली ती परत आलीच नाही. पावसाळ्यात गोळ्या सर्दावतात, म्हणून ऊन पडलं की गच्चीवर चादर घालून त्या वाळवायच्या. एकदा खाली उघड्या ठेवलेल्या पोत्यात शेजारची गाय तोंड घालून पेंड समजून चार घास चघळून गेली, तर अण्णा गायीला काही बोलले नाहीत, पण पुढं दोन दिवस शेजाऱ्याशी बोलले नाहीत. "लोकांच्या गच्चीवर सांडगे वाळतात," अक्का म्हणायच्या, "आमच्याकडं जळण वाळतं. माझ्या पोरीलासुद्धा यांनी कधी एवढं न्हाऊ-माखू घातलं नाही."

आणि एवढं सगळं कशाचं, तर न पेटलेल्या शेगडीचं! मी एकदा न राहवून विचारलंच, "अण्णा, जाळलंच नाही तर राख कुठून येणार?" ते म्हणाले, "धूळ येते की." दाराची काच पुसायची खरी रीत म्हणजे कागद ओला करून राखेत बुडवायचा आणि त्यानं घासायचं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. आता राख आणायची कुठून? घरात शेगडी असून राखेचा पत्ता नाही. तर हे गृहस्थ हातात स्टीलचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं जायचे आणि त्याच्या कोळशाच्या इस्त्रीतली राख मागून आणायचे. शेगडी साफ करण्यासाठी बाहेरून राख आणणारा पृथ्वीच्या पाठीवर हा एकच मनुष्य असेल. इस्त्रीवाल्याला वाटायचं, घरात कोणाचं काही व्रत आहे. तो बिचारा राख चाळून द्यायचा.

शेगडीच्या दाराच्या कडेला न जळणारी एक जाड दोरी बसवलेली असते, धूर बाहेर येऊ नये म्हणून. ती घट्ट आहे का हे बघायचं तर दारात नोट अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निघाली तर दोरी सैल झाली. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी देण्याच्या आधी अण्णा विचारायचे, "कोरी दहाची नोट आहे काय?" एकदा माझी नोट सहज निघाली. झालं! नवी दोरी आणायला चिकपेटच्या बाजारात जायचं आणि मी सोबत जायचं असं ठरलं. ठरवलं अर्थात अण्णांनी. जुन्या दोरीचा वीतभर तुकडा खिशात घालून आम्ही त्या गर्दीत एकेका हार्डवेअरच्या दुकानात शिरत होतो. साड्यांची गाठोडी डोक्यावर घेतलेले हमाल आम्हाला ढकलत होते, आणि अण्णा प्रत्येक दुकानदाराच्या नाकाखाली तो तुकडा धरून त्याची जन्मकथा सांगत होते. शेवटी बॉयलरचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं ती मिळाली. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, कुठल्या फॅक्टरीसाठी? अण्णा ताठ मानेनं म्हणाले, "मनेगे." घरासाठी. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाला, "स्वेटर हाक्कोळ्ळी, सार." स्वेटर घाला की हो, साहेब. मला हसू आवरेना. अण्णांनी मात्र दोरी ताणून बघितली, नाकाशी नेऊन तिचा वास घेतला आणि मगच पिशवीत टाकली.

बरं, शेगडी कधीच पेटत नसे असं म्हटलं तर तो अन्याय होईल. ती पेटायची. एप्रिलमध्ये! हंगाम संपल्यावर संपूर्ण सफाई करून चाचणी घ्यावी, असं पुस्तकात होतं. हंगाम झालाच नव्हता हा मुद्दा अण्णांना गौण वाटे. बाहेर आंबे पिकतायत, डोक्यावर पंखा गरगरतोय, अक्का अंगणात जाऊन पदरानं वारा घेतायत, आणि आत अण्णा घामानं निथळत शेगडीपुढं उभे राहून म्हणतायत, "फर्स्टक्लास!" डिसेंबरात मात्र दर वर्षी काही ना काही निघायचंच. पहिल्या वर्षी नळी बसवण्यात थंडी गेली. दुसऱ्या वर्षी ती दोरी. तिसऱ्या वर्षी धुराच्या नळीत खारीनं काथ्या कोंबून घरटं केलं होतं. पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत अण्णांनी नळीकडं कोणाला फिरकू दिलं नाही, आणि ती गेली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. काही निघालं नाही तर, "एवढी लखलखीत केलीय, चार दिवसांसाठी कशाला घाण करायची? पुढच्या आठवड्यात थंडी वाढू दे, मग बघू." पुढच्या आठवड्यात थंडी वाढायची नाही, संपायची. अक्का दोन मोजे, तीन शाली आणि एक गरम पाण्याची पिशवी घेऊन त्या चकचकीत शेगडीसमोर बसायच्या. तिच्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड स्पष्ट दिसायचं, एवढाच तिचा उपयोग.

मग एका वर्षी गौरी-गणपतीला आम्ही सगळे जेवायला येलहंक्याला जमलो होतो तेव्हा अक्कांनी पानात भात वाढता वाढता सांगून टाकलं. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. त्यांची मुलगी चेन्नईला असते. तिथं बारा महिने घाम. "यंदा थंडी सुरू झाली आणि ही शेगडी पेटली नाही तर मी चेन्नईला जाणार," त्या म्हणाल्या. "पोरगी कधीची बोलावतेय. थंडी संपली की येईन. आणि बरं वाटलं तिथं, तर मग दर वर्षीच जात जाईन." माझ्या बायकोनं वरणाची वाटी हातातच धरली. कारण ही दोघं लग्न झाल्यापासून कधी वेगळी राहिलेली नव्हती. माहेरपणालासुद्धा अक्का सकाळी जायच्या आणि संध्याकाळी अण्णा न्यायला हजर. हा माणूस एकटा राहणार म्हणजे जेवणार काय हा प्रश्न नव्हता. ताट तो दहादा घासून ठेवील, पण त्यात वाढून घेईल का, हा प्रश्न होता. अण्णा जेवले. हात धुऊन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही खरंच जाईल रे. ही बोलते कमी, करते जास्त." त्यांचा चेहरा पाहून मला थट्टा सुचेना, आणि मला थट्टा सुचू नये म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं आयुधपूजा. महाराष्ट्रातून नवं आलेल्याला बेंगळुरातल्या आयुधपूजेची कल्पना यायची नाही. बस, रिक्षा, लेथ मशीन, शिवणयंत्र, कॉम्प्युटर, जे म्हणून चालतं ते सगळं धुऊन त्याला गंध-कुंकू आणि झेंडूची माळ. प्रसादाला चुरमुरे, डाळं आणि गुळाचे खडे. इथं कडलेपुरी म्हणतात. इतरांची यंत्रं वर्षातून एकदा न्हातात तो हा दिवस, त्यामुळं अण्णांना त्यात नवं काही नव्हतं, पण भक्ती होती. त्या वर्षी शेगडीची पूजा त्यांनी अशी केली की पुरोहितानं बघून शिकावी. केळीचे खुंट बांधले, काचेवर गंधाची तीन बोटं ओढली. मग दृष्ट काढायला कुंकू भरलेला कोहळा घेऊन ते फाटकाशी गेले आणि आम्ही सगळे तो फोडायची मजा बघायला मागोमाग गेलो. अक्कांचे गुडघे दुखत होते म्हणून त्या एकट्याच आत राहिल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी आपल्या हातानं नव्या, चाळलेल्या, वाळवलेल्या गोळ्यांनी आदल्याच दिवशी पुसलेली टाकी, आत न डोकावता, काठोकाठ भरली, झाकण लावलं आणि हात जोडले. त्यानंतर दर शनिवारी पुन्हा सगळं झालं. टाकी भरलेली होती म्हणून तेवढी उघडली नाही.

थंडी आली. चांगली कडकडून आली, म्हणजे आमच्या मानानं. अण्णा तरी पुन्हा, "स्वल्प थांब, पंख्याला एकदा शेवटचा ब्रश मारतो," असं करत राहिले. एके दिवशी मुलीनं रविवारच्या गाडीचं तिकीट पाठवून दिलं. तेव्हा कुठं अण्णा हादरले. शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला, "आज पेटवतो. दोघं या. चार माणसं समोर असली म्हणजे ही थांबेल." आम्ही पोचलो तर खोलीच्या कोपऱ्यात अक्कांची बॅग भरून ठेवलेली. अक्का खुर्चीत, हात शालीत. अण्णांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी बटण दाबलं. आत काहीतरी लालसर झालं, पंखा घुमला, स्क्रू फिरल्याचा आवाज आला, आणि वाटीत एकही गोळी पडली नाही. आम्ही वाट पाहिली. मग आतून 'कड्क' असं झालं आणि स्क्रूही थांबला.

अण्णांनी वायर काढली. वाडग्यानं वरच्या गोळ्या उपसून ते तळाशी पोचले, कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढला तेव्हा त्यांच्या मुठीत एक काळपट चिकट गोळा होता. गुळाचा! पावसाच्या दमटपणानं तो पाघळला होता, मग कडक झाला होता. त्यात चुरमुरे, डाळं आणि असंख्य मेलेल्या मुंग्या. अण्णांनी तो गोळा बघितला आणि मग माझ्याकडं बघितलं. आता खाता खाता इकडंतिकडं सांडायची मला सवय आहे हे खरं, पण मी शेगडीत कशाला सांडीन? "अण्णा, शपथ घेतो," मी म्हणालो.

"त्यांना कशाला बघताय? मी घातला," अक्का म्हणाल्या.

अक्का खाली मान घालून बोलत होत्या. "तुम्ही कोहळा फोडायला गेलात ना, तेव्हा. सगळ्यांचा नैवेद्य ताटात दाखवला आणि आपणच खाल्ला. वाटलं, हिला बिचारीला नुसतीच अंघोळ, घास कोणी कधी घातला नाही. मग झाकण उघडून मूठभर घातला. आणि म्हटलं, बाई, यंदा तरी पेट. मला चेन्नईला जायचं नाहीय."

अण्णा तसेच गोळा हातात धरून जमिनीवर बसले. "अगं, मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला? तुम्हाला किती वर्षं सांगतेय!" अक्का म्हणाल्या. "म्हणून शेवटी तिलाच सांगितलं."

माझी बायको तोंडाला पदर लावून आत निघून गेली. हसायला की रडायला, मी विचारलं नाही. माझंच मला कळत नव्हतं. अण्णांना काय वाटलं असेल ते देव जाणे. वर्षानुवर्षं ज्या बाईसाठी म्हणून ते यंत्र पुसत होते, ती बाई त्यांना सोडून यंत्रालाच हात जोडून गेली होती. मग ते उठले. त्या पुस्तकात गुळाचं प्रकरण नव्हतं. कोमट पाण्यात फडकं पिळून, चमच्याच्या दांड्यानं, बोटांनी, शेवटी नखांनी ते तो गूळ स्क्रूवरून काढत राहिले. यंत्रात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून प्रत्येक वेळी कोरड्या कपड्यानं टिपायचे. अक्का खुर्ची सरकवून जवळ आल्या आणि आखडलेल्या हातानं बॅटरी धरून बसल्या. "इकडं धर," "तिकडं धर," एवढंच दुपारभर चाललं. मी दोनदा चहा केला, आणि दोन्ही वेळा तो कपातच गार झाला.

दिवेलागणीला स्क्रू फिरला. मला वाटलं आता ट्रे काढतील, वाटी खरवडतील, काच पुसतील, गोळ्या चाळतील, आणि तोवर रविवारच्या गाडीनं अक्का निघून जातील. अण्णांनी पोतं उचललं आणि गोळ्या तशाच टाकीत ओतल्या. पुडीसकट! न चाळता! मी उठून उभाच राहिलो. त्यांनी बटण दाबलं. गोळ्या टपटप वाटीत पडल्या, धुमसल्या, आणि एकदम पिवळी ज्योत उठली. उरलासुरला गूळ जळायला लागला आणि घरभर गुळपापडी करपल्याचा वास सुटला. तो धूर आत काचेवर बसला आणि लखलखीत काच खालून वर काळी होत चालली. अण्णांचा हात खांद्यावरच्या फडक्याकडं गेला. मी पाहिलं, अक्कांनीही पाहिलं.

"बसा हो," अक्का म्हणाल्या.

अण्णा बसले. अक्कांनी शालीतून हात बाहेर काढले आणि शेगडीपुढं धरले, बोटं हळूहळू उघडली. मग मोजे काढले. "बरं वाटतंय काय?" अण्णांनी विचारलं. अक्कांनी नुसती मान हलवली. आम्ही दोघं चपला घालून निघालो तेव्हा आम्ही निघालो हे त्यांना कळलंसुद्धा नाही. दारं वाजत नव्हती ना, आणि घंटा घासायला काढलेली. दुसऱ्या दिवशीची गाडी चेन्नईला गेली, अक्का गेल्या नाहीत. अण्णा आजही शनिवारी शेगडी उघडतात, पण थंडीच्या दिवसांत आता ती आधी पेटते आणि मग पुसली जाते, आणि तिच्यात तिची स्वतःची राख निघते. अक्का ती राख कढीलिंबाला घालतात.

आता तक्रार एकच आहे, आणि ती अण्णांच्या हातची नाही. गेल्या दोन-चार वर्षांत थंडीच पडेनाशी झाली आहे. येलहंक्याच्या आजूबाजूला होती नव्हती ती शेतं जाऊन सगळीकडं इमारती आल्या, तिथल्या तळ्यावरचं धुकं बघायचं म्हटलं तर दिसत नाही. मार्गशीर्ष लागला की ज्या अक्का पूर्वी कपाळाला हात लावायच्या, त्या आता रोज सकाळी दार उघडून अंगणात उभ्या राहतात आणि विचारतात, "थंडी कधी पडायची हो?" अण्णा भिंतीवरचं थर्मामीटर बघून येतात आणि फडकं उचलतात. दोघं थकली आहेत. किती हिवाळे राहिले, असा हिशेब कोणी मोठ्यानं करत नाही.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी अक्कांचा फोन आला. "आज आहे हो थोडी. लवकर या, नाहीतर जाईल." आम्ही कपाटातले स्वेटर झटकून घातले आणि रिक्षानं निघालो. येलहंक्याला पोचेपर्यंत चांगलं ऊन वर आलं होतं, रिक्षावाल्यानं बाह्या दुमडल्या होत्या. आत शेगडी पेटलेली. अक्का शाल घेऊन समोर, अण्णा त्यांच्या शेजारी, दोघांच्याही कपाळावर घाम. आम्हीही बसलो. पाठीतून धारा वाहत होत्या, पण पंखा लावा असं कोणी म्हणेना. मधेच अक्कांनी हात पुढं धरून विचारलं, "थंडी आहे ना हो आज?"

अण्णांनी वर थर्मामीटरकडं बघितलं. त्यावरचा पारा आम्हा सगळ्यांनाच दिसत होता. "आहे की," ते म्हणाले. "भरपूर आहे."

मी स्वेटरची वरची गुंडी लावून घेतली.